‘अहो’ची सक्ती

९ जानेवारी

धाकट्या भावाला सांभाळायला ठेवलेली आणखी एक बाई काम सोडून गेली. जाताना माझ्या केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, "मालक, तुमच्या भावाचे पाय गेलेत, पण जीभ दुप्पट झाली आहे." खोटं कसं म्हणू? मी सगळं भिंतीतून ऐकलं होतं. पुढे गॅरेज, मागे घर, आणि माझी केबिन व धाकट्याची खोली यांच्यामध्ये एका विटेची भिंत. तिकडे वाटी आपटली तरी मला इकडे कळतं, की ती पडली की फेकली. आज फेकली होती.

कान ही माझी एकमेव पदवी. गाडी फाटकातून आत येते तेव्हाच मी सांगतो, बेअरिंग गेलंय की टॅपेट सैल आहे. या कानांच्या जोरावर पंक्चरच्या टपरीपासून एवढं गॅरेज उभं केलं. घरातल्या आवाजाला लावायचा पाना मात्र माझ्याकडे नाही.

धाकटा बंदरावर क्रेन चालवायचा. उंचावर, काचेच्या खोलीत बसून जहाजातली खोकी उचलायचा. सगळं बंदर त्याच्या पायांखाली. एकदा उतरताना शिडीवरून सटकला आणि कमरेखालचं सगळं संपलं. तो म्हणतो, "आयुष्यभर सगळ्यांच्या डोक्यावर बसलो, आता एकाच माणसाच्या डोक्यावर बसायचं." तो एक माणूस म्हणजे मी.

त्याला शहराबाहेरच्या त्या संस्थेत जायचं आहे. तिथे अशा लोकांसाठी खोल्या आहेत, त्यांची गाडी येऊन घेऊन जाते. "मला तिथे टाक आणि मोकळा हो," हे पालुपद. मी मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवायला सांगितली आहे. आमचं ठरलं ते असं: आणखी एक बाई बघायची. ती टिकली तर तो इथे राहील. नाही टिकली तर तो जाईल आणि या घरात मी एकटा उरेन. बायको गेल्यावर रिकाम्या घराचा आवाज मी ऐकला आहे. पुन्हा ऐकायचा नाही.

ही डायरी ऑइलवाल्यांनी भेट दिली. दरवर्षी देतात, दरवर्षी मी कुणाला तरी देऊन टाकतो. यंदा ठेवून घेतली. बोलायला कुणी नसेल तर माणसाने करायचं काय?

१२ जानेवारी

नवी सिस्टर आली. पस्तिशी ओलांडलेली, हॉस्पिटलात मुरलेली, नवऱ्यापासून कधीच मोकळी झालेली. वडिलांजवळ राहते. चप्पल काढली ती सरळ भिंतीशी लावून ठेवली. मला बरं वाटलं. हत्यार जागेवर ठेवणारा माणूस मला आवडतो.

मी केबिनमध्ये बसून बिलं लिहीत होतो, म्हणजे ऐकत होतो.

धाकटा म्हणाला, "तू किती दिवस टिकणार?"

"ते नंतर बघू. तू किती वेळ असाच बसलायस? पाठ दाखव."

"मला अरेतुरे करतेस?"

"सुरुवात कुणी केली?"

"मी पेशंट आहे."

"मग पेशंटसारखा वाक पुढे. बघ, झालीच आहे जखम. आधीच्या बाई काय तुझा चेहरा बघत बसायच्या? त्यात तर बघण्यासारखं काही नाही."

मी खुर्ची भिंतीपासून मागे ओढली. आता काहीतरी भिंतीवर येऊन आपटणार. काही आपटलं नाही. धाकटा म्हणाला, "हिचं नाव इन्स्पेक्टर." आधीच्या बाईला तो सायरन म्हणायचा.

२० जानेवारी

रोज सकाळी युद्ध. गिऱ्हाइकं विचारतात, आत कुणाचं काय चाललंय? आज तर एक जुनं गिऱ्हाईक गाडी न दाखवता भिंतीलाच कान लावून उभं.

"अरे गाढवा, गोळी जिभेखाली लपवू नकोस, मी लहान मुलांच्या वॉर्डात होते."

"तू वॉर्डात नव्हतीस, तुरुंगात होतीस."

"असेन. कैदी तिथले बरे होते."

हेडमिस्त्री हसत होता. माझं डोकं फिरलं. भाऊ कसाही असला तरी माझा भाऊ आहे. माझ्याच घरात, माझ्याच कामगारांसमोर, त्याला गाढव? सिस्टरला केबिनमध्ये बोलावलं.

मी म्हटलं, "तो कसाही बोलला तरी तुम्ही त्याला अहोजाहो करायचं."

"त्यांना चालतं, मालक."

"मला चालत नाही. इथे मालक मी आहे. आजपासून ‘अहो’ म्हणायचं."

"पगार काम करण्याचा देता की अहो म्हणण्याचा?"

"दोन्हीचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली आणि गेली. लगेच भिंतीतून आवाज आला, चांगला खणखणीत, मला ऐकू यावा म्हणूनच: "अहो! तोंड उघडा. अहो! कुशीवर वळा. अहो, मालकांचा हुकूम आहे, आता तुम्ही अहो झालात."

धाकटा ओरडला, "दादा! हिला माणसासारखं बोलायला सांग!"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. शिस्त लागायला वेळ लागतो.

१ फेब्रुवारी

लागली शिस्त! माणसं कशी हाताळायची हे मला विचारा. ‘अहो’मधली धार गेली. आता ती अगदी सहज म्हणते, "अहो, ऐकलंत का," "अहो, पाणी पिता ना," कधी नुसतंच "अहो" आणि पुढे काही नाही. धाकटाही बदलला. तिला ‘तू’च म्हणतो, पण ओरडत नाही. परवा म्हणाला, "तू जेवलीस का?" मी हातातलं पेन खाली ठेवलं. हा माणूस कुणाला जेवलीस का विचारतो हे मी अपघाताच्या आधीही ऐकलं नव्हतं.

हेडमिस्त्रीला म्हटलं, "बघितलंस? एका शब्दाने काम झालं."

तो म्हणाला, "हो मालक, तुम्हीच केलंत सगळं," आणि गाडीखाली सरकला. कौतुक करताना तोंड लपवण्याचं काय कारण, कळलं नाही.

घरही बदललं आहे. खिडक्या उघड्या असतात. माझा चहा दुपारी केबिनमध्ये येतो, कमी साखरेचा. मी कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्याचं मी कुणाला तरी फोनवर बोललो असेन, ते हिने ऐकलं. म्हणजे हिलाही कान आहेत. हल्ली मी दाढी रोज करतो. गिऱ्हाइकांसमोर नीटनेटकं असलेलं बरं.

११ फेब्रुवारी

काहीतरी बिघडलंय. भिंतीतून आवाजच येत नाही. भांडण नाही, अहो नाही, काही नाही. मध्येच धाकट्याच्या खुर्चीचं चाक करकरतं, तेवढंच. मी दोनदा ग्रीसचा डबा घेऊन आत गेलो. दोघं दोन टोकांना. ती मागच्या अंगणात चादरी वाळत घालतेय, हा खिडकीशी.

"बोलत का नाही रे तुम्ही?" मी विचारलं.

"बोलतोय की," तो म्हणाला.

हेडमिस्त्रीला सांगितलं, अबोला धरलेला दिसतो. तो म्हणाला, "मालक, इंजिन चांगलं लागलं की आवाज येत नाही." म्हटलं, इंजिनाचं मला शिकवू नकोस.

दुपारी गुपचूप दारातून बघितलं. धाकटा खिडकीत बसून हात वर करत होता. अंगठा वर, मग मूठ, मग बोट गोल गोल. हे मी बंदरावर पाहिलंय. खाली उभा असलेला माणूस क्रेनवाल्याला अशा खुणा करतो: वर घे, खाली सोड, हळू, जागेवर थांब. तिकडे आवाज पोहोचत नाही, म्हणून हातांनी बोलतात. अंगणातून सिस्टरनेही तळहात आडवा धरला. थांब. मग तिने चादर तोंडावर ओढून घेतली.

तेव्हा उलगडा झाला. व्यायाम! खांद्यांना व्यायाम हवा असं डॉक्टर सांगून थकले होते, हिने त्याच्याच धंद्यातली युक्ती काढली. बाई हुशार आहे. उगाच जीव टांगणीला लावून घेतला.

१५ फेब्रुवारी

आज ती मला ‘दादा’ म्हणाली. इतके दिवस मालक होतो. "दादा, चहा थंड होतोय." धाकटा दादा म्हणतो, ते ऐकून तोंडात बसलं असणार.

मालकापेक्षा दादा जवळचा. पण दादा जरा जास्तच जवळचा, म्हणजे नको त्या बाजूने जवळचा. मीही तिला सिस्टर म्हणतो म्हणा, तोही काय शब्द आहे! ज्याने काढला त्याला पुढचा विचार नसावा.

कामात लक्ष नाही. एका गाडीचा आवाज ऐकून गिअरबॉक्स म्हटलं आणि निघाला सायलेन्सरचा सैल पट्टा. हेडमिस्त्री काही बोलला नाही. त्याचं काही न बोलणं हल्ली फार वाढलंय.

२३ फेब्रुवारी

लिहून टाकतो. दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

पन्नाशी उलटली आहे. पोट आहे, गुडघा दुखतो, नखांतलं काळं ग्रीस काही जात नाही. पण वाईट माणूस नाही मी. सकाळी तिच्या चपला भिंतीशी दिसल्या नाहीत तर फाटकाकडे बघत बसतो. तिला जरा उशीर झाला की पंधरा कामं सुचतात आणि एकही हातून होत नाही.

आज ती स्वतःहून केबिनमध्ये आली. पदराशी चाळा करत उभी. ही बाई, जिने धाकट्याला गाढव म्हटलं, ती चाळा करत होती!

"दादा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"मी या घरात कायमची राहिले, तर तुम्हाला चालेल?"

माझ्या कानात एकदम सगळं वर्कशॉप सुरू झालं. मी म्हणालो, "चालेल म्हणजे काय," आणि त्याच क्षणी टेबलावरचा फोन. मेल्या गिऱ्हाइकाची गाडी नेमकी तेव्हाच पुलावर बंद पडायची होती. फोन ठेवेपर्यंत ती गेली होती. पण जाताना हसली, हे मी पाहिलं.

संध्याकाळी दुकानात जाऊन नवा शर्ट घेतला. निळा. दुकानदार म्हणाला, "काही विशेष?" म्हटलं, जुने फाटलेत.

काय बोलायचं ते मनात मांडतो आणि मोडतो. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं कळत नाही. धाकट्याला आधी सांगावं का? तो खवचटपणे काहीतरी बोलेल. पण तिच्यामुळे तोही इथे राहील. सगळ्यांचंच भलं.

२ मार्च

नवा शर्ट घातला होता. स्वयंपाकघराच्या बोळात उभा होतो. मागच्या दाराबाहेरून तिचा आवाज आला, "अहो, दार उघडता का? हात भरलेत माझे."

त्या ‘अहो’त काय होतं कसं लिहू? मी बायकोच्या तोंडून तो शब्द वर्षानुवर्षं ऐकला आहे. हाक मारण्याआधीच माणूस येणार याची खात्री असलेला आवाज असतो तो. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आलो, आलो!"

दार उघडलं. ती ओल्या कपड्यांची बादली दोन्ही हातांनी धरून उभी होती. आधी माझा चेहरा बघितला, मग शर्ट. तिला सगळं समजलं. ती फार हळू म्हणाली, "तुम्ही नाही, दादा."

मागे चाक करकरलं. धाकटा खुर्ची लोटत बोळात आला होता, दार उघडायला. एक हात पुढे केलेला.

शर्ट काढून ठेवला. ‘अहो’ या शब्दात कुणाचं नाव नसतं, हे मला आज कळलं. आणि तो म्हणायची सक्ती मीच केली होती.

४ मार्च

सगळ्या गॅरेजला माहीत होतं. हेडमिस्त्रीला विचारलं, "कधीपासून?"

"गाढव म्हणाली तेव्हापासून, मालक."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही म्हणाला होतात, माणसं कशी हाताळायची हे तुम्हाला विचारायचं."

मग मी एक गोष्ट केली. बरी की वाईट, ठरवता येत नाही, म्हणून नुसती लिहितो. संस्थेत फोन केला. मार्चअखेर नको, म्हटलं, याच शुक्रवारी गाडी पाठवा. त्याने स्वतःच तर तगादा लावला होता. मी फक्त त्याचं म्हणणं ऐकलं. फोन ठेवल्यावर हात पुसले. हाताला काही लागलं नव्हतं.

५ मार्च

सिस्टर सरळ केबिनमध्ये आली. आज चाळा नाही.

"गाडी तुम्ही बोलावलीत?"

"त्यालाच जायचं होतं."

"जानेवारीत. आता मार्च आहे."

मी बिलं पुढे ओढली. ती गेल्यावर मी धाकट्याच्या खोलीत गेलो. वाटलं, हा आता घर डोक्यावर घेईल. तो म्हणाला, "बस, दादा." त्याने ओरडायला हवं होतं. शांत माणसाशी भांडायची मला सवय नाही.

"तुझे कान तीक्ष्ण आहेत," तो म्हणाला, "पण डोळे मला आहेत. तू दाढी रोज करायला लागलास तेव्हाच मी पाहिलं. तुला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

मी भिंतीकडे बघत बसलो. या बाजूने ती भिंत मी कधी नीट पाहिलीच नव्हती.

"मी तिला विचारलंय. ती हो म्हणते. पण वडिलांच्या मनाविरुद्ध नाही. आधीचं लग्न तिने त्यांचं न ऐकता केलं होतं, त्याची झळ म्हाताऱ्याने एकट्याने सोसली. ते नाही म्हणाले तर मी शुक्रवारी मुकाट्याने गाडीत बसतो. ती रोज समोर आणि माझी नाही, हे मला झेपणार नाही. तेव्हा तू जा. बोलणी करायला जा."

"मी?"

"मग कोण? मोठा भाऊ कुणाला आहे दुसरा?" मग म्हणाला, "तुला जड जाईल, माहीत आहे मला."

माहीत आहे म्हणे! जन्मात पहिल्यांदा या माणसाला दुसऱ्याचं जड कळलं, आणि तेही नेमकं माझं.

७ मार्च

गेलो. तिचे वडील शिंपी आहेत, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत शिलाई मशीन, अजूनही काम घेतात. गळ्यात टेप. मला बघून उठले, खुर्ची झटकली.

"या, या. तुम्ही येणार हे मला वाटलंच होतं. पोरगी सारखं तुमच्या घराबद्दल बोलत असते." मग मशीनवर बसून कापड सरळ करत म्हणाले, "हे बघा, मी आडपडदा ठेवत नाही. वयाचं अंतर आहे, असू दे. माणूस कष्टाने वर आलेला आहे, तेवढं मला पुरे. माझी ना नाही."

माझ्यापुढे ताट वाढून ठेवलं होतं. नुसती मान हलवायची. खरं सांगतो, मी ती लगेच हलवली नाही, पण लगेच नाहीही म्हटलं नाही. मशीन चालू होतं, तेवढा वेळ मी घेतला. चांगलं मशीन होतं, तेल वेळेवर घातलेलं.

मग म्हणालो, "मी भावासाठी आलोय."

मशीन थांबलं.

"जो बसून असतो, तो?"

"हो."

"मग नाही." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुमच्यासाठी असेल तर आज हो. त्यांच्यासाठी असेल तर कधीच नाही. माझी मुलगी अर्धं आयुष्य परक्यांची अंगं पुसत आली. आता घरी येऊनही तेच करायचं? आणि पगाराशिवाय? तुम्हीच सांगा."

मी धंद्यातला माणूस. नाही म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावून पोट भरलं. पण म्हातारा चुकीचं काय बोलत होता? काही नाही. उठलो.

उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबलो. त्यांचं वाक्य दोन अर्ध्यांचं होतं. घरी जाऊन मागचं अर्धंच सांगितलं तर धाकटा शुक्रवारी जाईल. पुढचं अर्धं मग कधीतरी, सावकाश, तिला एकटीला. कुणी मला खोटारडा म्हणू शकलं नसतं. गॅरेजपर्यंत चालत गेलो, गाडी म्हाताऱ्याच्या दारातच विसरलो.

दोघं वाट बघत बसले होते. मी दोन्ही अर्धी सांगितली. पुढचं अर्धं सांगताना ती जमिनीकडे बघत होती आणि धाकटा माझ्याकडे. मग तो म्हणाला, "म्हातारा बरोबर बोलतोय." आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

८ मार्च

संपलं. दुपारी भिंतीतून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण कानांना झाकण नसतं.

"उद्यापासून तू कामाला यायचं नाहीस."

आधी बादली खाली ठेवल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "का?" तो खालच्या आवाजात काही बोलला, ते कळलं नाही. मग हुंदक्यांसारखा आवाज, थांबून थांबून. मी खुर्चीतून उठलो, बसलो. ती चपला घालून गेली, केबिनकडे न बघता.

शेवटी तिलाही घालवलं त्याने. उद्या गाडी. मी संस्थेत फोन करून रद्द करणार होतो, दोनदा नंबर फिरवला. धाकट्याने आतून हाक मारली, "दादा, गाडी रद्द करू नकोस, मला ती हवी आहे." या घरात माझ्यापेक्षा तीक्ष्ण कान आणखी कुणाचे आहेत!

९ मार्च, शुक्रवार

आज सलग लिहितो, नाहीतर झोप येणार नाही.

संस्थेची गाडी आली. मागे लोखंडी फळी असलेली, बटण दाबलं की खुर्ची वर उचलणारी. धाकटा दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार. बॅग नाही. मी विचारलं, "कपडे?" तो म्हणाला, "तू पुढे बस." फळी वर गेली तसं त्याने वाकून खालचं चाक तपासलं, ड्रायव्हरला म्हणाला, "जरा हळू घे, माल महागाचा आहे." अपघातानंतर तो पहिल्यांदा घराबाहेर पडत होता.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर त्याने पत्ता सांगितला. शिंप्याचा. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तो सांगेल तिकडे."

इमारतीसमोर भर रस्त्यात त्याला उतरवलं. जिना बघून मी म्हटलं, मी आणि ड्रायव्हर मिळून उचलतो. त्याने नकार दिला. "पोतं म्हणून वर जाणार नाही." मग मान मागे टाकून तिसऱ्या मजल्याकडे ओरडला, "अहो मास्तर! शिंपीमास्तर!"

एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. शेवटी हवी ती उघडली.

"कोण आहे?"

"तुम्ही ज्याला नाही म्हणालात, तो!"

"काय बोलायचं ते वर येऊन बोला!"

"मला वर येता येत नाही, तुम्हाला खाली येता येतं!"

दुसऱ्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." म्हाताऱ्याने खिडकी लावली. आम्ही थांबलो. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. मला रस्त्यावरचा एकही आवाज ऐकू येत नव्हता, नुसता जिना ऐकत होतो. मग पावलं वाजली, दोन माणसांची. पुढे मास्तर, मागे ती, हातात खुर्ची. मास्तर खुर्ची टाकून धाकट्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"बोला."

"तुमचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून मी तिला कामावरून काढलं," धाकटा म्हणाला. "माझं अंग पुसायला पगारी माणूस येईल, पुरुष. तो कसाही निघाला तरी तिने त्यात हात घालायचा नाही. ती माझ्याकडे कामाला नसेल. यायचं तर भांडायला येईल."

"आणि तुम्ही काय करणार? खिडकीत बसणार?"

"बंदरावर नव्या क्रेनवाल्यांना शिकवायला कधीपासून बोलावत होते. मी फोन घेत नव्हतो. काल घेतला. सोमवारपासून जायचंय."

मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. मास्तरांनी मुलीकडे मान वळवली.

"तुला कामावरून काढलं?"

"हो. नोटीससुद्धा दिली नाही."

"मग रडलीस?"

"हसले, बाबा. इतक्या जागची कामं सुटली, पण हातात हात धरून कुणी काढलं नव्हतं."

हुंदके म्हणे! हे माझे कान.

मास्तरांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग माझ्याकडे बघितलं. परवाचं ते दोन अर्ध्यांचं वाक्य आम्हा दोघांच्या मध्ये उभं होतं, आणि ते त्यांना दिसत होतं. "आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तुमचं काय म्हणणं?"

तिने बाबांच्या खुर्चीची पाठ धरली. धाकट्याने मान खाली घातली.

मी म्हटलं, "माझं कसलं म्हणणं? मी मोठा भाऊ. बोलणी करायला आलोय. मुलगा भांडखोर आहे, आधीच सांगतो. नंतर तक्रार चालणार नाही."

वरच्या खिडकीत कुणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत. गळ्यातली टेप काढून उठले आणि धाकट्याच्या मागे जाऊन त्याच्या खांद्यावर लावली. "ताठ बसा. बसून घालायचा कोट वेगळा बेतावा लागतो. उभ्याच्या मापाचा केला की पुढे पोटाशी गोळा होतो. लग्नात बरा दिसत नाही."

धाकटा ताठ बसला. लगेच त्याने मास्तरांवर डाफरून घेतलं, "टेप थंड आहे."

"तोंड बंद ठेवा," ती म्हणाली, "माप चुकेल. अहो, ऐकताय ना?"

मी मागे वळलो नाही. बरोबर माणसाने उत्तर दिलं.

ड्रायव्हरने माझ्या बाहीला हात लावला. "साहेब, मला परत जायचंय. यांना घरी सोडायचं की संस्थेत न्यायचं? गाडीत कोण बसणार, काही कळू द्या."

"कुणी नाही," मी म्हटलं. "याला मी घरी नेईन, चालत, खुर्ची ढकलत. तुम्ही रिकामी न्या."

‘रिकामी’ जरा मोठ्याने बोललो असेन. सगळ्यांनी वळून बघितलं.